नाट्यपरिचय, तीन क्रेडिट

मी बर्फ उपसायची गाडी चालवतो, काउंटीची, सतरा वर्षं.
पदवीला तीन क्रेडिट कमी पडत होती
आणि मंगळवारी संध्याकाळी दोनच वर्ग होते:
एक खडकांचा, एक हा.
खडकांचा भरला.

पहिल्या दिवशी मिसेस थिबोडो म्हणाल्या,
उभे राहा. एक मिनिट. काही करू नका.
हात्तिच्या, एवढंच?
चढलो त्या काळ्या फळ्यांवर
आणि इतके हात कुठून आले कळेना.
एक खिशात घातला तर दुसरा परका झाला.
कानामागे खाज सुटली, घसा खाकरला,
समोर अकरा जण, अंगातले कोट न काढता.
बावीस सेकंद, त्या म्हणाल्या. बसा.

नर्सिंगची ब्रायोनी उभी राहिली
काठोकाठ भरलेल्या बादलीसारखी, न हिंदकळता.
आम्ही तिचं मिनिट मोजायला विसरलो.

मार्चमध्ये नाटक. गुणांसाठी प्रत्येकाला काम.
मला विंगेतलं स्टूल मिळालं,
एक वही, निळा कागद चिकटवलेला टॉर्च.
अडेल त्याला पुढचा शब्द द्यायचा.
चिठ्ठी सरकवावी तसा, त्या म्हणाल्या, ओरडायचं नाही.
आणि म्हणाल्या, विराम आणि विसर
बाहेरून सारखेच दिसतात, आर्व्हो.
तोंडाकडे बघू नकोस, तोंड शिकलेलं असतं.
पाय बघ.
शब्द निसटला की टाच उचलते, पळायला.
ठरवून गप्प राहिलेलं माणूस
बोटांनी जमीन धरून असतं.

मग काय, महिनाभर मी पायच पाहिले.
दुकानात, चर्चमध्ये, डेपोत पगाराच्या रांगेत.
बापाचं काम वॉल्टरकडे होतं,
लोहखनिजाच्या बोटींवर जन्म गेलेला स्वयंपाकी.
रोज त्याच जागी त्याची टाच उचलायची
आणि मी अंधारातून म्हणायचो, "पत्र."
"पत्र!" तो गरजायचा,
जसं काही आत्ताच टपालानं आलंय.

प्रयोगाच्या रात्री बाहेर उणे अठरा,
आत साठ खुर्च्यांत एकेचाळीस माणसं.
बाप बोट विकून टाकतो, मुलगी दारात येते,
तिनं म्हणायचं, "चला, घरी चला."
ब्रायोनी आली. उभी राहिली.
म्हणाली नाही.

पाच. सहा.
वहीवर माझं बोट त्या ओळीखाली,
जिभेवर "चला" तयार, गोळीसारखा.
नऊ.
खोकणारे खोकायचे थांबले.
मी तिचे पाय पाहिले: पांढरे बूट,
फळीत रुजलेले, टाच खाली, गच्च.
गिळला शब्द.
चौदाला वॉल्टर खुर्चीतून उठला,
वहीत नसताना,
आणि स्वतःच तिच्याकडे चालत गेला.
तिसऱ्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं.

नंतर पार्किंगमध्ये, काच खरवडताना, मी म्हणालो,
काय विराम घेतलास!
ती हसत सुटली.
"विराम कसला? कोरी झाले होते मी!
तुझ्याकडे कान लावून उभी होते, मेल्या."
पण पाय—
"बूट नवे आहेत. चावतात.
हललं की जास्त चावतात."

मला बी मिळाला. वॉल्टरला ए.

माझा मुलगा टूसॉनला असतो, महिन्यातून एकदा फोन करतो.
काम कसंय, बरंय, तिकडे ऊन, हो ऊन,
आणि मग तो थांबतो.
आजवर दर वेळी मीच पुढचा शब्द दिला आहे:
इथे पुन्हा बर्फ पडलं रे, नील्स.
आणि त्यानं तो घेतला आहे, निमूटपणे, आणि फोन ठेवला आहे.

या रविवारी तो थांबला.
फोनवरून पाय दिसत नाहीत.
सात, आठ.
खिडकीबाहेर बर्फ पडत होतं, भरपूर,
सांगण्यासारखं.
अकरा.
तिकडे एखादी खुर्ची सरकली.
मी स्टूलवर असल्यासारखा बसून राहिलो,
वही नसताना.