पेला वर धरून

माझ्या लग्नात, तेलावीजवळच्या आमच्या गावी,
एकशे चाळीस माणसं पेला वर धरून उभी होती
आणि माझा भाऊ नोदार
माझ्या नावाशी अडला होता.

आमच्याकडची रीत अशी:
बोलणाऱ्याचं बोलणं संपल्याशिवाय
कुणी ओठ ओले करायचे नाहीत.

ग्वांत्सा.
पहिल्याच अक्षराचा पाय मोडलेला.
वडिलांनी हौसेनं ठेवलं नाव, त्यांना काय ठाऊक
थोरल्याच्या घशात ते आडवं बसणार आहे.
त्यानं मला कधी हाकच मारली नाही.
जेवायला बोलवायचं तर मळ्याच्या टोकापर्यंत चालत यायचा,
बाही ओढायचा.
मला वाटे, किती माया!
मायाही होती. पण पायपीट मायेची नव्हती,
हे कळायला मला तेवीस वर्षं लागली.

उपाय सगळ्यांकडे होते.
चर्चच्या घंटेत धरलेलं पाणी,
जिभेखाली अक्रोडाचं टरफल,
वालिकोकाकांची पाठीत अवचित धपाटी.
आणि 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'आधी विचार कर',
जणू हा विचार न करता अडत होता!
अरे, त्याचा सगळा विचार तर
पुढच्या तीन शब्दांवर पहारा देण्यात खर्ची पडायचा:
हा दगा देणार, त्याला वळसा घाल,
हा फारच अवघड, खोकल्याचं सोंग कर.

माझाही एक उपाय होता.
त्याची वाक्यं मी पुरी करायचे.
दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात.
एकदा डॉक्टरांना सांगून मोकळी झाले, याचं पोट दुखतंय.
घरी आल्यावर त्यानं कागदावर लिहिलं:
कान.

मग एतेरीबाई भेटल्या. तिसरा मजला, रॉकेलच्या शेगडीचा वास.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे जाईल असं मी सांगणार नाही.
पण त्याच्याशी चाललेली तुझी मारामारी थांबवता येईल."
तो रडला. मी चिडले. एवढे पैसे भरून हे ऐकायचं?

त्यांनी त्याला पाठवलं रोटीच्या भट्टीवर,
मुद्दाम अडखळायला.
"र-र-रोटी" म्हणायचं, खालमानेनं नाही,
भट्टीवाल्याच्या डोळ्यांत बघून.
भट्टीवाला सुट्टे मोजत होता. मोजतच राहिला.
आभाळ कोसळलं नाही
याची नोदारला इतकी गंमत वाटली
की चार रोट्या जास्त घेऊन आला.

ओठ असे टेकव, बाई सांगायच्या,
पिकल्या द्राक्षाची साल फाटू नये इतके.
अडलास तर मागे पळू नकोस, पुढे ढकलू नकोस,
त्याच अक्षरात उभा राहा, मूठ सैल कर, मग नीघ.
आणि माझ्याकडे वळून:
"तुम्ही काही करायचं नाही.
त्याच्याकडे बघायचं. ताटाकडे नाही."

काही न करणं मला अजून जमत नाही.

तर पेले वर होते.
नोदारची मान ताठ, डावी पापणी फडफडणारी,
वालिकोकाकांचा हात थरथरून वाइन मनगटावरून बाहीत शिरलेली.
मागे एक मूल हसलं, कुणीतरी त्याला दाबलं.
आणि माझं स्वतःचं नाव
माझ्याच जिभेवर तयार, एका श्वासाचं काम.
मी नवऱ्याचा अंगठा इतका आवळला
की त्याला वाटलं, मी घाबरलेय.

मग नोदारचे खांदे खाली आले.
त्यानं अडणं थांबवलं नाही,
लढणं थांबवलं.
"ग्...ग्...ग्वांऽत्सा," तो म्हणाला,
आणि लगेच पुढच्या शब्दाला पुन्हा अडला.
तो शब्द टाळता आला असता. त्याच्याजवळ तीन सोपे होते,
मला तिन्ही माहीत आहेत.
त्यानं अवघडच उचलला.

किती वेळ लागला कुणास ठाऊक.
वालिकोकाका पुढे महिनाभर सांगत, हात भरून आला होता.

आता मी कुताईसीला असते. फोन वाजतो,
उचलते, पलीकडे काहीच नाही.
पूर्वी म्हणायचे, हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?
आता फोन मानेत धरते, लसूण सोलत बसते.
एक पाकळी. दुसरी. तिसरी.
काल सातव्या पाकळीला माझं नाव आलं.

त्याला फक्त छाटणीची कात्री हवी होती.