शून्यांची पंगत

संदर्भ विभागात मीच पाटी लावली होती :
‘पाहून झालेले ग्रंथ टेबलावरच ठेवावेत.
कपाटात परत लावू नयेत.’
संध्याकाळी टेबलं आवरताना दिलशाद
ग्रंथागणिक एक रेघ मारायची,
पाचवी आडवी.
एप्रिल ते मार्च.

रेघांचे आकडे झाले, आकड्यांचा तक्ता,
आणि तक्त्याच्या तळाशी एकशे बारा शून्यं :
पानं मांडलीत, जेवायला कुणी आलंच नाही.

कार्यवाह म्हणाले, मॅडम, कपाट काढा,
परीक्षेची पोरं जिन्यात बसत्यात.
बसतात. डबेही तिथंच खातात.
कपाटाच्या जागी सहा खुर्च्या मावतात,
टेप लावून बघितलंय मी.

लाल पेन घेऊन उभी राहिले.
कन्नड–मराठी कोश, दोन खंड. शून्य.
शिवण उसवलेली,
तळाला महापुराच्या साली चढलेली ओल, दोन बोटं.
पण वरच्या कडेवरून बोट फिरवलं
तर बोट स्वच्छ.
शेजारच्या शून्यांवर धूळ होती,
याच्यावर नव्हती.

गुरुवारी चारला इरगोंडा अण्णा आले.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लोखंड ओतलेले हात
पिशवीतनं वही काढतात :
अथणीला दिलेल्या बहिणीची, कन्नडातली,
ती गेल्यावर भाच्यानं आणून दिलेली.
उभ्याउभ्याच एक शब्द शोधला,
एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतला,
टॉवेलानं कोश पुसला
आणि होता तिथं, होता तसा लावला.

‘अण्णा, पाटी वाचली न्हाई व्हय?’
‘वाचली की. पर एवढं जड,
त्या पोरीला कशाला उचलाया लावायचं?’

कुठला शब्द, मी विचारलं.
तिकीट लांब धरून ते म्हणाले,
‘तवरु. म्हंजे माहेर.’
मग चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले.

शेऱ्याचा रकाना वर्षभर कोरा होता.
त्यात लिहिलं : वाचक ग्रंथ जागेवर ठेवतो.
बाकी एकशे अकरांवर लाल पेन चाललं.
सगळ्यांवर बरोबर चाललं का,
आता कुणाला विचारू?
सगळे पोत्यात गेले, धुळीसकट.

दोन खंडांसाठी छोटी मांडणी ठेवली,
म्हणून खुर्च्या पाचच बसल्या.
सहावा पोरगा अजून जिन्यातच असतो,
मांडीवर पुस्तक घेऊन.
येता-जाता मला वाट देण्यासाठी
पाय आखडून घेतो.