कुंपणाच्या अलीकडे

रात्री जंगलाचं फाटक बंद असतं,
म्हणून आम्ही रस्त्याने चालतो.
एका अंगाला तारेचं कुंपण,
दुसऱ्या अंगाला तामातावे बंदराकडे निघालेले ट्रक.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणणारे म्हणोत;
मादागास्करच्या या ओल्या बाजूला
सरडे खुशाल आरपार जातात,
धाव आमचीच तारेपाशी संपते.

पाऊस थांबलाय. म्हणजे वरून थांबलाय,
पानांवरून अजून तासभर पडेल.
शर्ट दुपारपासून अंगाला चिकटलेला,
मोज्यात एक जळू. तिचं जेवण होईतो
मी तिला काही बोलणार नाही.

पुढे बाकुली मावशी.
खांद्यावर शाल, पायात प्लास्टिकच्या सपाता,
हात रिकामे.
टॉर्च माझ्याकडे. मागे पाहुणे:
लिआँचे एक दंतवैद्य, त्यांची बायको,
आणि मुलगी, जिने गाडीतून उतरतानाच जाहीर केलं
की तिला पालींची किळस येते.

"हिरवं शोधू नकोस," मावशीनेच शिकवलेलं,
"हिरवं तर सगळंच आहे.
झोपताना सरडा दिवसाचे रंग उतरवून ठेवतो."
तेव्हा दिसतो तो,
अंधारावर कुणी चुन्याचं बोट ओढावं तसा,
नेहमी डहाळीच्या अगदी टोकाला.
साप येणार तो बुंध्याकडून,
डहाळी हलणार, जाग येणार.
दाराला आतून पातेलं टेकवून झोपणारी
माणसं मी पाहिली आहेत.
अक्कल तीच.

तीन पावसाळे झाले, मावशीच्या डोळ्यांत ढग उतरलेत.
कुणाला सांगितलं नाही.
नोटा ती अंगठ्याने ओळखते,
भात शिजला का ते आवाजावरून.
रोज तेच रान, त्याच डहाळ्या;
सरडाही बिऱ्हाड सहसा बदलत नाही.
मोडक्या खांबाजवळचा पेरू, मग रासबेरीचं जाळं,
मग तो, ज्याच्या नाकावर फावडं आहे.
ती दोन बोटांनी डहाळी खालून तोलते
आणि म्हणते, "इथे."
मी टॉर्च मारतो.
असतो.

आज पेरूपाशी ती थांबली. जरा जास्तच थांबली.
मी उजेड टाकला:
नुसती डहाळी, टोकाला एक थेंब.
पैसे आगाऊ घेतलेले.
मी म्हणालो, "आहे, आहे, पानाआड आहे."
दंतवैद्य म्हणाले, "हो हो, दिसला!"
आणि फोटोसुद्धा काढला.

मावशीने डहाळी सोडली.
आमच्या भाषेत, हळू, मला एकट्याला:
"हलकी आहे रे."
मग फ्रेंचमध्ये सगळ्यांना:
"गेलाय. तोही कधी बाहेर जेवतो."

कुणी हसलं नाही. एक ट्रक गेला,
कोळशाची पोती, ओल्या धुळीचा वास.
त्याच्या उजेडात मुलगी ओरडली,
"त्या सालीला डोळा आहे!"

रोज पाठ घासून जातो ते झाड.
सालीला डोळा होता.
डोळ्याला शेवाळी कडा, कडेला झालर,
झालर खोडात कुठे संपते ते खोडालाच ठाऊक.
पाल, वीतभर, उलटी, डोकं खाली.
मी टॉर्च जवळ नेला तसा तिने जबडा वासला,
आत लालभडक,
आणि दंतवैद्य पहिल्यांदाच मनापासून पुढे वाकले.

मावशीने मुलीचं मनगट धरलं.
"मला सांग, कशी आहे."
मुलगी सांगत राहिली,
आधी घाईघाईने, मग सावकाश,
शेपटी वाळक्या पानासारखी, एका बाजूला कुरतडलेली,
पायाची बोटं, त्यांची टोकं, पापणी नाही,
जीभ बाहेर काढून स्वतःचाच डोळा पुसतेय...
मावशी मान कलती करून ऐकत होती,
गावाकडच्या कुणाची खुशाली ऐकावी तशी.

किळस येते म्हणालेलीस ना,
असं तिला कुणी विचारलं नाही.

चार रात्रींनी आम्ही दोघेच.
मोडक्या खांबापाशी मावशीने टॉर्च विझवायला लावला,
माझी दोन बोटं धरली
आणि अंधारात डहाळीखाली ठेवली.
"एवढं वजन," ती म्हणाली.
पेन्सिलीएवढं असेल. त्याहून कमीच.
"लक्षात ठेव. आणि हात काढ आता,
उठेल तो."