नळाची रात्र

आमच्या पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री, दोननंतर कधीतरी.
गल्ली जागी असते. कुणी पायरीवर,
कुणी बॅरलला टेकून.
सोलापूरचं ऊन अजून भिंतीतून उतरलेलं नसतं.
नळ नुसता फुस्स करतो, थांबतो.
तेवढ्यात मी लिहिते.

दिवसा जमत नाही. दिवसा माझी बोटं
ब्रँचची असतात.
मांडीवर सूप, सुपात जर्दा, गोणपाटात ओलं पान,
फर्मा ठेवून कात्री फिरवायची,
वळायचं, दोरा, तोंड मिटायचं, पंचवीसचा कट्टा,
चाळीस कट्टे झाले की हजार,
हजार झाले की संध्याकाळ.
ब्रँचवर मास्तर कट्टे चाचपतो
आणि पाच-पन्नास छाटात फेकतो.
ही सैल, ही वाकडी, ही नुसतीच.
त्याच्यापुढे मी कधी बोलले नाही.
घरी येऊन वहीत लिहिलं:
मास्तरच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे.
बस, एवढंच.
पण त्या रात्री झोप लागली.

वही मुलाची, नववीची, भूगोलाची,
अर्धी कोरी राहिलेली.
पुढच्या पानांवर वारे आणि खंड,
मागून मी.
सासू विचारते, "एम रास्तुन्नवे?"
हिशेब, म्हणते मी.
अगदीच खोटं नाही ते.

घरात आमची तेलुगू. लिहिता येते ती मराठी,
म्युनिसिपालटीच्या शाळेतली.
म्हणजे रडू येतं एका भाषेत
आणि कागदापर्यंत पोचेस्तोवर
वेणीफणी करून निघालेल्या पोरीसारखं
जरा शहाणं होतं.
तेवढं शहाणपण मला पुरतं.

समोर रात्रपाळीचे माग खडखडतात.
कुणी शिकलेला म्हणेल, लिहिणं म्हणजे विणणंच की.
नाही हो.
आमचे यंबय्या मामा बावीस वर्षं
चादरीवर तेच कमळ काढतात, पुठ्ठ्याच्या भोकांतून.
शेवटची पाकळी त्यांना आधीच ठाऊक असते.
मला पुढची ओळ ठाऊक नसते,
म्हणून तर बसते.

गेल्या खेपेला अनसूयाबद्दल लिहीत होते.
धाकटी माझी. खोकून खोकून गेली,
त्याला एकोणीस वर्षं झाली.
तिचा फोटो आहे, पण फोटोत ती कुणीही वाटते.
मी लिहिलं, ती माझ्याहून भरभर वळायची.
मग लिहिलं, दोरा दातानं तोडायची.
आणि मग हातातलं पेन आपोआप पुढं गेलं:
तोडताना डावा डोळा मिटायची.
एकोणीस वर्षं तो डोळा कुठं होता
कुणास ठाऊक.
मी तशीच बसून राहिले, त्या डोळ्यासमोर.

पाणी आलं. आलं आणि गेलं.
गल्लीभर मोटारी गुरगुरल्या म्हणे,
मला काही ऐकू आलं नाही.
सकाळी बॅरलच्या तळाला वीतभर पाणी.
नवरा बोलला ते बोलला,
सासूनं कडाकडा बोटं मोडली.
शेजारच्या मेहबूबबीकडून सहा घागरी आणल्या.
लाज वाटायला हवी होती.
पण कमरेवर घागर घेऊन येताना
मी डावा डोळा मिटून
रस्ता बघत होते, आणि हसत होते,
मेहबूबबी म्हणाली, क्या हुआ गे तेरेकू?

काय सांगायचं.
वहीला छाट नाही, हे सांगायचं?
सैल ओळ, वाकडी ओळ, नुसतीच ओळ,
सगळ्या एकाच कट्ट्यात बांधते मी.

आज परत नळाची रात्र.
सासू न विचारताच बॅरलपाशी बसलीय, पदरानं वारा घेत.
हिशेब मांड तुझा, म्हणाली,
पाण्याकडं मी बघते.
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
"त्यात माझं काय निघतंय का?"

वही मांडीवर. सुपाची जागा ती.
नळ फुस्स करतो.
मी मान वर करते.
"इंका राले," ती म्हणते.
अजून नाही.