पासष्ट मिलिमीटर

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या माडीवर
आगा फरामर्झ कॅमेरे दुरुस्त करतो.
म्हणजे करायचा. आता बहुतेक धूळ पुसतो.
लेन्स माझ्याकडे होती,
पासष्टची, दोन्ही बाजूंनी बटबटीत डोळ्यांची,
सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमची.
तिला फक्त अंग हवं होतं.

"तेरे को पहाड मंगता, या कमरा?"
कमरा, म्हटलं. बारा बाय अकरा.
सहा बेड, तीन खाली तीन वर,
एक एसी, एक खिडकी, खिडकीत पलीकडच्या बिल्डिंगचा पाइप.
तीस तारखेला खाली करायचाय.
तो गप्प झाला. मग म्हणाला, कमरा मुश्किल है.

आधी त्यानं मोनोरेल काढला. करडा, थंड,
साइटवरच्या थिओडोलाइटचा थोरला भाऊ.
भाता म्हटलं की मला लोहाराचाच आठवतो;
हा निऱ्यांचा. आणि लेन्स इतकी जवळ आणायची
तर निऱ्या एकमेकींवर चढतात,
पुढची चौकट वर होत नाही, खाली होत नाही,
भरल्या लिफ्टमधल्या माणसासारखी.
त्यावर उपाय होता: दुसरा भाता, बिननिऱ्यांचा,
मऊ कातड्याची नुसती पिशवी.
"इस में सांस है."

मग लाकडी. मिटला की जेवणाचा डबा,
उघडला की पुढे फळी अंथरतो.
त्या फळीला बेडच म्हणतात,
मी दोनदा विचारून खात्री केली.
रुंद लेन्स लावली तर ती मागेच राहते
आणि बेडची कड फोटोत घुसते.
खाली पाडता येतो थोडा. तरी येतेच.
"ये मत ले. पैसा पानी में."

शिवाय एका डबीत फिल्टर, मधे करडा, कडेला स्वच्छ.
मधल्यांचा उजेड जरा काढून घ्यायचा,
म्हणजे कोपऱ्यातल्यांना सारखा पोचतो.
किंमत विचारली. डबी परत ठेवली.
असला हिशेब महागच असणार.

रात्री झोप नाही. ट्रायपॉड कुठे मांडू?
खोलीत मोकळी जागा एकच, खिडकीखालचा
माझा स्वतःचा बेड.
म्हणजे फोटोत येणार पाचच:
इक्बाल परकारचा, उशाशी इस्त्री ठेवलेला;
तळेकरचा वरचा, छताला चिकटवलेल्या पोरीच्या मार्कशीटसकट;
टेकबहादूरचा; इडलीवाल्या मणीचा;
आणि कोल्लमच्या दोघा भावांचा एकच,
एक उठला की दुसरा निजतो.
माझी अकरा वर्षं चौकटीच्या अलीकडे.

शनिवारी ड्युटी संपली तसा गेलो, लाकडी घेतला.
"बेड आएगा फोटो में."
आने दो, म्हटलं.
आगानं चष्मा काढला, पुसला, शंभर दिरहम कमी केले.

टॉवेल डोक्यावर घेऊन काचेत बघतोय.
सगळं उलटं. एसी जमिनीवर,
नऊ वर्षं वर झोपणारा तळेकर अखेर खाली आलेला.
कडेचे चेहरे ताणले जातात, सांगून ठेवलं.
टेकबहादूर म्हणाला, मग मला कडेलाच बसव,
घरी वाटू दे, खाऊनपिऊन आहे.
काचेच्या अगदी वर, छत असायला हवं तिथं
लाकडाची पुसट तपकिरी पट्टी.

एसी बंद केला, त्यानं खोली थरथरते.
शटर मिटलं. फिल्म सरकवली. आता काचेत काही नाही,
नुसतं मोजायचं.
आठ सेकंद कुणी हलू नका रे.
एक. दोन.
घाम मानेवरून उतरतोय. तीन. चार.
पाचाला दार उघडलं.
थोरला कोल्लमवाला ड्युटीवरून आला,
धाकटा अजून बेडमध्ये,
आणि तो उंबऱ्यात थबकला,
एका पायात बूट,
आम्हा सगळ्यांकडे बघत.