चार बोटं

महापे एमआयडीसी, तिसरा मजला, एसी अठरावर,
आणि मी शंभर वर्षांची धूळ पुसते.
पगारी काम आहे. पीएफ कापतात.

समुद्रापलीकडे कुणाच्या तरी माळ्यावर
गंजलेले डबे सापडले, आत फिल्म.
झाकण काढताच म्हणे व्हिनेगरचा भपकारा आला.
आमच्यापर्यंत वास येत नाही, नुसते आकडे येतात.
त्यातला हा बोकड.
नावाची पाटी असलेला तुकडा सडून गेला,
म्हणून आमच्याकडे तो शून्य-चार-सात-ब.

सात मिनिटांचं आयुष्य त्याचं, काळंपांढरं, मुकं.
हातापायांत हाडं नाहीत, नळ्या आहेत.
रोडरोलर अंगावरून जातो, तो पापडासारखा पसरतो,
स्वतःला स्वतःच जमिनीवरून सोलून काढतो, झटकतो,
शेपटीचं हँडल फिरवून पुन्हा फुगतो.
शिंग उपटून त्याची पिपाणी करतो
आणि वाजवत वाजवत कड्याच्या पुढे निघतो
हवेतून, चांगली चौदा पावलं.
खाली बघेपर्यंत पडत नाही.

एका सेकंदाला सोळा चित्रं. प्रत्येकात मी
केस शोधते, ओरखडे, बुरशी.
शेजारच्या फ्रेममधून घ्यायचं
आणि भोक बुजवायचं,
एवढंच शिकवलंय.

फॅमिली डेला बाबा आले.
हिराजी मढवी, घणसोली गाव,
रबाळ्याच्या प्रेस शॉपमध्ये एकवीस वर्षं.
इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात.
लग्नांच्या सगळ्या अल्बममध्ये तो हात खिशातच आहे.
माझ्या खुर्चीवर टेकले. बोकड पडला,
आजूबाजूची पोरं खिदळली, हे नाही.
म्हणाले, थांब. मागं घे.
"याचा पन एक गेलाय गो."

मी सांगितलं, बाबा, तेव्हा सगळ्यांनाच चार काढायचे.
एक बोट कमी केलं की हजारो रेघा वाचतात,
शाई वाचते, माणसं कमी लागतात.
"मंग कंपनीचाच फायदा,"
एवढं म्हणून ते हसले, त्या दिवशी पहिल्यांदा.
मग स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन विचारलं,
"मोजा कोनी शिवला याचा?"

पांढरे सुती मोजे. त्यांना कंपनी द्यायची, पाच बोटांचे.
अपघातानंतर एक बोट रिकामं लोंबायचं,
मशीनमध्ये ओढलं जाईल म्हणून
आई ते आत दुमडून टाके घालायची.
दर महिन्याला नवी जोडी,
दर महिन्याला तेच बोट.
शेजारच्या फ्रेममधून घेता येत नव्हतं काही.

तीन हजार एकशे बारा नंबरच्या चित्रात
आभाळाच्या जागी एक ठसा आहे.
शाई भरणारी कुणी बाई असावी,
घाईत, ओल्या अंगठ्याने तिने पत्रा उचलला असेल.
बोकड तेव्हा दहाव्या पावलावर, अधांतरी,
आणि त्याच्या डोक्यावर तिचा अंगठा, भोवऱ्यासकट.
सेकंदाचा सोळावा भाग. कुणाला दिसतो?
मी सोडून दिला.

क्यूसीच्या लिनेटने लाल गोल करून परत पाठवला:
ठसा राहिलाय.
बरोबर आहे तिचं. तिलाही टार्गेट असतं.
पुसला.
शेजारच्या फ्रेममधलं आभाळ आणून बसवलं,
कुठे जोड आहे ते आता मलाही सांगता येणार नाही.

साडेअकराची कंपनीची बस.
पारसिकच्या डोंगराचा खाणीने घास घेतलाय,
गोल, दातांच्या खुणांसकट,
वरची झाडं कडेवर तशीच उभी.
डोंगराने अजून खाली बघितलेलं नाही.

बाबा जागे होते. पायरीवर बसून
लसूण सोलत होते, उद्याच्या सुकटीसाठी,
दोन्ही हात दिव्याखाली.
"पडला काय गो तुझा बोकड?"

नाही, म्हटलं. आज दहाव्याच पावलापर्यंत झालंय.
अजून चार आहेत.