चौथी पायरी

सोलापुरात सातची वेळ छापतात,
तू साडेआठला ये.
त्याआधी पायऱ्या बसू देत नाहीत,
दुपारचं ऊन दगडात अजून जागं असतं.
चादर आण, चार घड्या घालून,
पांघरायला नव्हे, बुडाखाली.

पाणी घरूनच. माठातलं.
बाटलीला ओला पंचा गुंडाळ.
कडक भाकरी मध्यंतरातच मोड,
मागच्या खेपेला राणी मरत असताना
कुणीतरी कडाकडा चावत होतं.
मीच.

दिव्याच्या खांबाजवळ नको,
किडे पदरात पडतात.
तळ्याकडून वारा येतो दहानंतर,
आला तर;
डावीकडची चौथी पायरी धरून ठेव.

दुसऱ्या अंकात राजाची दाढी सुटेल.
हसू नकोस.
आमचे अंबादास भावजी आहेत ते,
टॉवेलच्या मागावरून थेट आलेत,
घामापुढे डिंक टिकत नाही.
एका हाताने दाढी धरतील,
दुसऱ्या हाताने राज्य सोडतील.

आणि लाइट गेली तर उठू नकोस.
ते थांबत नाहीत,
अंधारात आवाज तेवढा चढवतात.
दगड तेव्हाच कुठे
निवायला लागलेला असतो.